सशाच्या पाठीवरचा हात

पुस्तक उघडले की वाचण्याआधी मी पानांच्या मधोमध, शिवणीपाशी, हलकी फुंकर घालतो. कसर असेल तर ती हलते. ही सवय मला कोणा ग्रंथपालाने लावलेली नाही. रत्नागिरीत ज्या म्हाताऱ्याच्या घरी मी भाड्याने राहत होतो, त्याच्याकडून ती माझ्याकडे आली आणि राहिली. तो फुंकर घालत असे ती सशांवर.

सारी आळी त्यांना सुकाणी म्हणे. किनाऱ्याने जाणाऱ्या आगबोटींवर सुकाणू धरण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. मी पाहिले तेव्हा नोकरी सुटून बरीच वर्षे झाली होती, तरी उभे राहताना ते पाय फाकून उभे राहत, जणू अंगण कोणत्याही क्षणी कलणार आहे. बंदराच्या वरच्या अंगाला, उतारावर, त्यांचे चिऱ्याचे बसके घर होते. पुढच्या दोन खोल्या आम्हा नवराबायकोला दिलेल्या. मागच्या पडवीत ते आणि त्यांचे ससे.

ससे त्यांना एका गोऱ्या कप्तानाने विलायतेला परत जाताना दिले होते. अंग पांढरेशुभ्र, आणि कान, नाक, पाय तेवढे काळे. दिव्याच्या काजळीत बुडवून काढल्यासारखे. डोळे लाल. त्यांची नावे बोटीवरच्या हुद्द्यांवरून ठेवलेली: मालम, टंडेल आणि खलाशी. मालम सगळ्यांत थोराड आणि शांत.

सकाळी पडवीत ऊन शिरले की सुकाण्यांची तपासणी सुरू होई. मांडीवर गोणपाट, गोणपाटावर ससा. आधी कान उन्हाकडे धरून आतल्या शिरा बघायच्या, मग कानात नाक घालून वास घ्यायचा. मग हनुवटीखाली ओल आहे का. मग चारही तळवे, कारण जांभ्याच्या जमिनीवर बसून टाचांवरचे केस झिजतात आणि आत फोड धरतो. त्यासाठी ते पेंढा पसरत आणि तो रोज हाताने चाचपत. सर्वांत शेवटी पाठ. तोंड अगदी जवळ नेऊन ते केसांच्या उलट दिशेने फुंकर घालत. दाट पांढरे केस गोल उमलत आणि तळाशी गुलाबी कातड्याचा एक ठिपका दिसे. तो बघायचा, मिटू द्यायचा, बोटभर पुढे सरकायचे, पुन्हा फुंकर. एवढा आडदांड माणूस, पण फुंकर अशी की समईची ज्योतसुद्धा हलू नये.

सशांना हात लावायला दुसऱ्या कोणालाही बंदी होती.

"हाताचं तेल लागतं, मास्तर. मग खरं कातडं दिसत नाय. आधी फुंकायचं, बघायचं. हात मागनं."

"पण त्यांना काही झालेलं दिसत नाही," मी एकदा म्हणालो.

"दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. ससा कण्हत नाय, रडत नाय. मरायच्या दिवशीपण पाला चावत बसंल. त्याचं दुखणं त्याच्या तोंडावर शोधायचं नाय."

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. पडवीत जुन्या छत्रीचे काळे कापड उन्हात पसरले होते आणि त्यावर पांढरा कोंडा पडला होता. खलाशाच्या मानेवरून झटकलेला.

"बसा. बघा. श्वास जपून घ्या."

"काय बघू?"

"पडून राहतो तो कोंडा. चालतो तो रोग."

मी बसलो. बराच वेळ काही झाले नाही. मला हसू यायला लागले होते. तेवढ्यात एक कण निघाला. वारा नव्हता. तो कण कापडाच्या सुरकुतीवर चढला, पलीकडे उतरला, आणि त्याच्यामागून दुसरा निघाला. सुकाणी समाधानाने मान हलवीत म्हणाले, "चालला." त्यांनी कापड चुलीत घातले, खलाशाला वेगळ्या खुराड्यात ठेवले, पेंढा जाळला आणि करंजेलाची बाटली काढली. त्या दुपारी मी पानातल्या पांढऱ्या भाताकडे जरा वेळ बघत बसलो. पत्नीने विचारले, "कच्चा राहिलाय का?" मी नाही म्हणालो आणि जेवलो.

ही नजर ते सशांपुरती ठेवत नसत. दारावर मासळी घेऊन येणाऱ्या बाईला त्यांनी सांगितले की, तुझ्या कानामागे नायटा धरतोय. ती टोपली उतरवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मेल्या, सशाच्या उवा बघतोस तेवढं पुरे. तुझ्या डोक्यातल्या कोण बघणार रे?"

"तू ये की बघायला. पण हात धुवून ये गो. सशाला बांगड्याचा वास सोसत नाय."

ती हसत हसत शिव्या देत गेली, आणि चार दिवसांनी कानामागे लावायला तेल मागायला आली.

त्यांच्या विक्षिप्तपणाचे मला न उलगडलेले एक अंग होते. दुपारी उन्हे कलल्यावर मुंबईची आगबोट बंदराबाहेर येऊन भोंगा देई. आळीतली माणसे खाली धावत. सुकाणी हातातले काम टाकून उठत आणि समुद्राकडे पाठ करून वर सड्याच्या दिशेने चालू लागत. झाड नाही, सावली नाही, अशा त्या कातळावर ते फिरत राहत. बोट गेल्याचा दुसरा भोंगा झाला की परतत. ज्याने जन्मभर आगबोट हाकली त्याला ती नजरेला नको होती.

कारण सांगितले ते त्या मासळीवाल्या बाईने, माझ्या पत्नीला. सुकाण्यांना एक मुलगी होती. तिला ते बायो म्हणत. बायको आधीच गेलेली, घरात ही एकटीच. बाप बोटीवरून येई तेव्हा ती पडावात, उतारू नेणाऱ्या होडीत, बसून बोटीपाशी जाई आणि खालून हात हलवी. पावसाळ्यासाठी बंदर बंद व्हायचे होते, त्या दिवसांत एकदा लाटांनी तो पडाव बोटीच्या कुशीला येऊन उलटला. सुकाणी वर चाकापाशी होते. चाक सोडले असते तर बोट बाकीच्या माणसांवर गेली असती. त्यांनी सोडले नाही. पाण्यातून एक हात वर आला, बोटे पसरलेली, आणि गेला. पूर्णगडापासून आरे-वाऱ्यापर्यंत किनारा धुंडाळला. ती मिळाली नाही.

"तेव्हापासनं म्हातारा असा," मासळीवाली म्हणाली. "बारीकसारीक काय बघायचं सोडत नाय."

माझी पत्नी वाईकडची. समुद्र तिने लग्नानंतर पाहिला. घरात आम्ही दोघेच, मी शाळेत गेलो की ती एकटी. मालम जाळीपाशी येऊन तिच्याकडे बघत बसे. त्याला हात लावायचा नाही हे तिला ठाऊक होते, आणि भोंगा झाला की सुकाणी घरात नसतात हेही ठाऊक होते. तेव्हा रोज दुपारी, सुकाणी सड्यावर असताना, ती खुराड्याचे दार उघडून मालमच्या पाठीवर हात ठेवी. तो पाठ खाली दबवून, डोळे अर्धे मिटून, तसाच पडून राही. हे तिने मला हसत सांगितले होते, आणि मीही हसलो होतो.

त्या फाल्गुनात शेजारून ओले काजू आले. ते सोलण्यापूर्वी बोटांना खोबरेल चोळायचे असते, हे इथल्या पोरीटोरींनाही माहीत. घाटावरच्या माणसाला ते कोण सांगणार? तिने काजू सोलले, हात पाण्याने धुतले, आणि भोंगा झाला तशी पडवीत गेली. काजूचा चीक पाण्याने जात नाही. दुसऱ्या दिवशी तिची बोटे काळवंडली, मग सोलवटली.

"घाटावरच्या वयनींनी काजू चाखले वाटतं," असे म्हणून मासळीवाली पोट धरून हसली. पत्नीही हसली. मालमचा विचार तेव्हा आम्हा दोघांच्याही मनात आला नाही.

पुढे काही दिवसांनी सकाळी पडवीतून आवाज आला. ओरडणे नव्हे. मोठा माणूस श्वास आत घेताना करील तसा. आम्ही दोघे गेलो. सुकाण्यांच्या मांडीवर मालम होता. त्याच्या पाठीवरचे केस झडले होते. तळव्याची ओबडधोबड जागा, आणि तिच्यातून मानेकडे गेलेल्या बोटांच्या उघड्या, गुलाबी रेघा. बोटे पसरलेली होती.

"आली," सुकाणी म्हणाले. "बायो आली, मास्तर. हात बघा."

माझ्या पत्नीने आपला हात पदराखाली घेतला.

खोलीत आल्यावर ती म्हणाली, "मी केलंय हे. माझ्या हाताचा चीक लागलाय. आत्ताच्या आत्ता सांगते त्यांना."

"सांग. रागावतील, पण सांग."

ती गेली आणि परत आली. सांगितले नव्हते. ते मालमच्या पाठीवर खोबरेल सोडत होते आणि त्या हाताशी हळू आवाजात बोलत होते, म्हणाली. पाणी गार होतं का गो, असे विचारत होते.

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा झाला. सुकाणी उठले, अंगणाच्या तोंडाशी थबकले, आणि वर वळण्याऐवजी खाली बंदराकडे निघाले. आम्ही खिडकीतून बघत होतो. कित्येक वर्षांनी त्यांना खाली उतरताना बघून आळीतली माणसे बाजूला झाली. परतले तेव्हा त्यांच्या हातात बोटीवरच्या कोणा जुन्या सोबत्याने दिलेले नारिंग होते. ते त्यांनी सोलून निम्मे आम्हाला दिले.

"राहू दे आता," पत्नी रात्री जेवताना म्हणाली. "माझा हात त्यांच्या उपयोगी पडतोय, तर पडू दे."

"पण खोटं आहे ते."

"मी कुठं काही बोललेय? मी नुसता हात लपवतेय."

त्यानंतर ती त्यांच्यासमोर उजवा हात सदा पदरात ठेवी. घावण्याची ताटली डाव्या हाताने द्यायची तिची धडपड बघून मला भीती वाटे, कारण समोरचा माणूस हालणारा कोंडा ओळखणारा होता. आणि तो आता सगळ्यांचे हात बघू लागला होता. पाणी भरायला जाणाऱ्या बायकांचे, टपालवाल्याचे, माझेही. बोलता बोलता त्यांची नजर मनगटावर उतरे आणि बोटांच्या टोकांपर्यंत जाऊन थांबे. लोक हात मागे घेत. मासळीवालीने मात्र आपला पंजा त्यांच्या नाकापुढे धरला आणि म्हणाली, "घे, बघ. मीच ती." तेवढ्या एका वेळी ते चिडलेले मी पाहिले.

माझ्या पत्नीच्या हाताकडे मात्र ते कधीच बघत नसत. मला ते बरे वाटे. त्याचा अर्थ मी लावला नाही.

त्या उघड्या जागेवर केस लवकर आले नाहीत. पावसाळा लागला, बोटी बंद झाल्या, भोंगा थांबला. चिऱ्याच्या भिंती ओलसर झाल्या आणि पडवीच्या अंधारात मालमच्या पाठीवरचा तो गुलाबी हात लांबूनही दिसे. मी संध्याकाळी त्या बाजूला जाणे टाळी.

एका सकाळी सुकाणी मला अंगणात गाठून म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. वयनींच्या केसांचं तेज गेलंय. आणि बसताना डाव्या कुशीला जपतात."

"ती तर काही म्हणत नाही."

"नाय म्हणणार. दाखवा कोणाला तरी. आजच."

त्याच दिवशी मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, पुन्हा तपासले, आणि मला बाहेर बोलावून सांगितले की आतून फार पुढे गेलेले आहे. याहून आधी कोणाच्या लक्षात येण्यासारखे नव्हते, असेही म्हणाले. सुकाण्यांच्या आले होते, आणि तरी उशीर झाला होता. सर्व पाऊस ती अंथरुणावर होती. सुकाणी दारापाशी येऊन आत न बघता विचारत, "खाल्लं का काय?" खाल्ले म्हटले की परत जात. नाही म्हटले की तिथेच उंबऱ्याबाहेर बसून राहत. शेवटच्या दिवसांतही ते आले की तिचा उजवा हात गोधडीखाली जाई. भाद्रपद संपता संपता ती गेली.

पुढचे दोन महिने मला नीट आठवत नाहीत. शाळेत जात होतो, शिकवत होतो. बोटी पुन्हा सुरू झाल्या होत्या. भोंगा ऐकू येई तेव्हा मी पुस्तकातून मान वर करीत नसे.

मार्गशीर्षात थंडी पडली. दुपारची वेळ होती, सुट्टीचा दिवस होता. सुकाणी दारात येऊन उभे राहिले.

"हय या, मास्तर."

"आज नको."

"आजच."

मी गेलो. मालमच्या पाठीवर केस आले होते. पांढरे नव्हे, काळे. त्याच्या कानांसारखे काळेभोर. गुलाबी असताना जी आकृती धूसर वाटे, ती आता रेखल्यासारखी स्पष्ट होती. तळवा, अंगठा, पसरलेली बोटे. या जातीच्या सशांत कातडे जिथे गार पडते तिथला नवा केस काळा उगवतो, असे पुष्कळ वर्षांनी एका इंग्रजी पुस्तकात मी वाचले. वाचून मला बरे वाटले असे नाही. त्या दिवशी तर मी एवढेच पाहिले की करंगळी वाकडी आहे. वरच्या पेरापासून आत वळलेली. लहानपणी जात्याखाली सापडून माझ्या पत्नीची करंगळी तशीच झाली होती.

तो हात माझा होता. म्हणजे तिचा होता, आणि तिचे माझ्यापाशी दुसरे काही तसे उरले नव्हते. मला ते मोठ्याने सांगावेसे वाटले. पण शेजारी तो म्हातारा पाय फाकून उभा होता, आणि करंगळी त्याला दिसली की त्याची मुलगी दुसऱ्यांदा जाणार होती. पत्नीने मरेपर्यंत सांभाळलेली गोष्ट माझ्या हातून फुटायला नको होती. मी पुढे होऊन सशाच्या पाठीवर तळहात ठेवला आणि ती करंगळी झाकली.

"काढा हात," सुकाणी शांतपणे म्हणाले.

मी काढला नाही.

"वयनींचाच तो. पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय मला. काजूचा वास मला येत नाय काय, मास्तर? कातड्याला नाक लावून बसणारा माणूस मी."

मग मी विचारले, "तुम्ही 'आली' म्हणालात त्या दिवशी."

"बघितल्या बघितल्या बायोचाच दिसला. ते पण खरं. वास मागनं आला. वळून बघतो तर वयनींनी हात पदरात घेतलेला. म्हटलं, एवढं जपतायत माझ्यासाठी, तर जपू दे."

"आणि बंदरावर जात होता ते?"

त्यांनी खुराड्यातला पेंढा हाताने चाचपला. मग म्हणाले, "पहिल्या दिवशी कुठं जातो ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. खाली वळलो, मागं बघितलं तर वयनी खिडकीत. तोंडावर असा उजेड. मग दुसऱ्या दिवशी वर कसा जाऊ? जाता जाता सवय झाली."

मी हात काढून घेतला. आम्ही दोघे त्या काळ्या हाताकडे बघत उभे राहिलो. हा सगळा उन्हाळा आणि पावसाळा या घरात दोन माणसे एकमेकांना एकाच गोष्टीत सांभाळत होती, आणि दोघांचेही मला कळले नव्हते.

"आता बघा," सुकाणी म्हणाले. "ह्याच्यासाठीच बोलावलं."

"काय?"

"थांबा. वेळ झाली."

खालून भोंगा आला, लांब, घशातला. सुकाणी जागचे हलले नाहीत. मालमने कान मागे टाकले. मग, कोणी जवळ नसताना, त्याची पाठ हळूहळू खाली दबली. आधी मानेपाशी, मग मध्यावर, मग शेपटीकडे. वरून कोणी तळवा फिरवत न्यावा तशी. डोळे अर्धे मिटले. ती पाठ पुन्हा वर आली, पुन्हा मानेपासून दबत गेली. सवय असेल. जनावराला वेळ कळते. मी स्वतःला हे सांगितले, आणि माझ्या मानेवरचे केस मात्र उभे होते.

"बोटी सुरू झाल्यापासनं रोज," सुकाणी कुजबुजले.

फाल्गुनात मालम केस टाकू लागला. काळे केस पुंजक्यापुंजक्याने सुटत. मी एक पुंजका ओढायला गेलो तर सुकाण्यांनी अडवले. गळणारा केस ओढायचा नाही, गळू द्यायचा. करंगळी सर्वांत शेवटी गेली. चैत्रापर्यंत पाठ पांढरी झाली, कुठे काही नाही.

माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढवून मी निरोप घ्यायला पडवीत गेलो. सुकाणी मांडीवर मालमला घेऊन बसले होते. मी वाकून त्या पांढऱ्या पाठीवर फुंकर घातली. केस उमलले, तळाशी स्वच्छ गुलाबी कातडे दिसले, मिटले. तेवढ्यात भोंगा झाला. सशाची पाठ मानेपासून दबू लागली.

मला एकदाच हात लावायचा होता. मी पुढे केला, तर सुकाण्यांनी माझे मनगट धरले.

"थांबा, मास्तर," ते म्हणाले. "वयनींचा हात निघू दे."